टेपवाले काका आणि पाण्याची पाटी

खोली बघायला मी वरसे गावात गेले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला आत घेतलंच नाही. मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, "आता पाणी उतरतंय. दोनच्या पुढं या." मला वाटलं, टाकी धुवायला काढली असेल. मी मुकाट्याने रोह्याला परत गेले, चहा प्यायले आणि सव्वादोनला पुन्हा दार वाजवलं. आता तेच गृहस्थ हसतमुखाने बाहेर आले. खोली दाखवली, खिशातून कापडी टेप काढून माझ्यासमोर ती पुन्हा मोजली, माझ्या खाटेची लांबी विचारली आणि म्हणाले, "खिडकीखाली नाय मावायची. तीन इंच कमी पडतात." मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय. सामान आलं त्या दिवशी खाट खरंच मावली नाही, तीन इंचांनी.

हे माझे घरमालक, टेपवाले काका, खारभूमीच्या कचेरीत मोजणीदार होते. पेणच्या खाडीकाठी एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि मध्ये फक्त मातीचा बांध, अशी गावंच्या गावं आहेत. त्या बांधांची लांबी, उंची, कुठे खचला, कुठे खेकड्यांनी पोखरला, हे मोजण्यात त्यांचा जन्म गेला. खाडीकाठी त्यांना सगळे टेपवाले म्हणत. निवृत्त होऊन रोह्याजवळ घर बांधलं, जिथून खाडीच काय, साधं डबकंही दिसत नाही. पण डोक्यातली भरती-ओहोटी चालूच होती. कोणतंही चांगलं काम पाणी चढत असताना सुरू करायचं, उतरत्या पाण्यात हात घालायचा नाही, हा त्यांचा कायदा होता. दाढी, बँक, डोळे तपासणं, सगळं भरतीवर. आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे या माणसाची दाढी कधी पहाटे व्हायची तर कधी जेवणानंतर.

एकदा शेजारच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होणार, तेवढ्यात हे उठून भटजींच्या कानाशी लागले. "पंधरा मिनिटं आणखी काहीतरी म्हणा. पाणी अजून वळलेलं नाय." भटजी बिचारे जुने, काकांना ओळखून होते. त्यांनी खरोखरच पंधरा मिनिटं काहीतरी म्हटलं. मुलीचे वडील नंतर आठवडाभर काकांशी बोलत नव्हते. काकांना त्याचं काही नव्हतं. "पोर सुखात हाय ना?" एवढंच ते विचारायचे, आणि पोर सुखात होती हे कबूल करावं लागायचं.

भरतीची वेळ काढायला त्यांना काही लागत नसे. तिथी सांगितली की ते पाऊणकीचा पाढा म्हणत. "आज पंचमी? पाच पाऊणे पावणेचार. मुंबईला पावणेचारला भरती." आणि मग बोट वर. "मुंबईला! आपल्याकडं नाय. पाणी काय रेल्वेनं येतं? खाडीच्या वळणावळणानं येतं, एक तास धरायचा." तो एक तास हीच त्यांची खरी कमाई होती. कोणत्या गावाच्या बांधाला पाणी किती उशिरा लागतं, हे त्यांनी तीस वर्षं घड्याळ लावून लिहून ठेवलं होतं. कॅलेंडरात ते सापडत नाही.

मी रोह्याच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. हे कळल्यावर महिन्याभरात काका नोंदवह्यांचं गाठोडं घेऊन माझ्या खोलीत आले. "हे सगळ्यांना दिसलं पाहिजे." मी त्यांना ब्लॉग काढून दिला. वाटलं, दोन पानं लिहितील आणि कंटाळतील. ते एका बोटाने तीन वर्षं लिहीत राहिले.

आणि सगळं एकाच लेखात! मी शंभर वेळा सांगितलं, काका, रोज नवा लेख काढायचा असतो, पान लहान ठेवायचं असतं. ते म्हणायचे, "वही संपल्याबिगर दुसरी वही उघडायची नाय. कचेरीत तसं केलं की मेमो मिळायचा." ब्लॉगवरची वही कधी संपतच नाही, हे त्यांना पटवणं मला जमलं नाही. तीस वर्षांचे बांध त्या एका लेखात एकाखाली एक उतरत गेले. माथ्यावर रुंद फोटो: गळ्यात टेप, पाठीमागे खाडी, खाली मोठ्या अक्षरांत नाव आणि "निवृत्त मोजणीदार". तो फोटो निवडायला तीन भरत्या लागल्या होत्या. वाचणारे दोघेच, ते आणि मी. त्यात मीही खोटंच सांगत होते. मी पहिल्या चार नोंदींच्या पुढे कधी गेले नव्हते.

मग ती नारळी पौर्णिमा आली. खाडीला नारळ वाहून लोक घरी परतले आणि त्याच दुपारच्या उधाणाने पेणजवळच्या एका गावच्या बांधाला खांड पाडली. दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद. लावणी होऊन गेलेली, रोपं हिरवीगार उभी, आणि खालच्या शेतांत खारं पाणी शिरलं. पौर्णिमेनंतर पाण्याचा जोर उतरत जातो, अष्टमीला सगळ्यात कमी असतो, आणि मग पुन्हा चढत चढत अमावास्येला उधाण येतं. म्हणजे अमावास्येच्या आत खांड बुजली तर भात वाचलं. नाही बुजली तर त्या उधाणात सगळं शिवार खाऱ्या पाण्याखाली जाणार, आणि मिठावलेल्या जमिनीत पुढची तीन वर्षं गवतसुद्धा उगवणार नाही. काकांची त्या गावात वीतभर जमीन नव्हती. पण तो बांध त्यांनी सर्वांत जास्त वेळा मोजला होता. तीन दिवस त्यांनी दाढीच केली नाही, भरती असून.

खांड ओहोटीतच बुजवता येते, मधले तीन-चार तास. माणसं एकदम आणि वेळेवर हवीत. पंचमीला गावकीने पहिला प्रयत्न केला आणि तो फसला, तो फोनवरच्या मेसेजमुळे. काकांनी चतुर्थीची वेळ चतुर्थीला पाठवली होती, पंचमीची पंचमीला. पण मेसेज फिरत राहतात. चतुर्थीची वेळ पंचमीला सकाळी पुन्हा सगळ्यांच्या फोनवर आली. काही जणांनी ती धरली, काहींनी कॅलेंडरातली मुंबईची. निम्मे लोक आले तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. कंपनीत शिफ्ट असलेले ताटकळून निघून गेले. पाणी उतरलं तेव्हा बांधावर अकरा माणसं होती.

गावकीच्या बैठकीत खूप आरडाओरडा झाला म्हणे. शेवटी ठरलं, आता मेसेज कुणी पाठवायचा नाही आणि कुणी पाठवला तर मानायचा नाही. टेपवाल्यांनी एकच जागा सांगावी, तिथे आजची म्हणून जी वेळ दिसेल तीच खरी. काका त्या संध्याकाळी माझ्या दारात उभे. "तुमच्या त्या ब्लॉगवर पाटी लावता येती? रोजची वेळ आपोआप बदलेल अशी? अष्टमीला अखेरचा डाव हाय."

मी म्हटलं, येते की. एक प्लगिन होतं, त्यात तारखा आणि वेळा भरून ठेवल्या की त्या दिवसाची ओळ तेवढी दिसते. मी नाव कागदावर लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला गेले. दुपारी परत आले तर काका माझ्या कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसलेले.

"बसवलं," ते म्हणाले. "अर्ध्या भरतीपासनं बघतोय. काय दिसत नाय."

"काका, बसवलंत, पण चालू कुठे केलंत? त्याचं वेगळं बटण असतं."

"बांधात उघाडीची झडप बसवली की पाणी अडतं. ती काय वेगळी चालू करावी लागती?"

मी चालू करून दिलं. तरी दिसेना. मग मी त्यांना समजावलं की पाटी तयार असून भागत नाही, तिला पानावर जागा द्यावी लागते. नाहीतर ती कोपऱ्यात पडून राहते. हे मात्र त्यांना चटकन पटलं. त्यांनी टेप काढून माझा पडदा मोजला आणि उजव्या बाजूची पट्टी दाखवली. "इथं. साडेतीन इंच रिकामी हाय." षष्ठीला दुपारी, भर भरतीत, आम्ही पाटी तिथे लावली. पान उघडलं आणि उजवीकडे ठसठशीत अक्षरं आली: आजची ओहोटी, आजची भरती, कामाला कधी यायचं. काकांनी क्लासच्या मुलींना घरचा चिवडा वाटला आणि पेणला ब्लॉगचा पत्ता कळवून टाकला.

पहिला फोन कुवेतहून आला. खांडीलगत ज्यांची शेतं होती त्या मोहल्ल्यातला एक जण तिथे नोकरीला होता आणि त्याचा जीव सगळा इकडे. "टेपवाले, वेळ नाय दिसत." मी म्हटलं, तिकडचं नेट असेल. मग गावातून फोन सुरू झाले. नाय दिसत. तुमचा फोटो दिसतो, वेळ नाय दिसत. कॉम्प्युटरवर पाटी डोळ्यांत भरत होती आणि कुणाच्याही फोनवर तिचा पत्ता नव्हता. माझ्या स्वतःच्या फोनवरसुद्धा नव्हता. मी प्लगिन काढलं, पुन्हा बसवलं. जुनं पान फोनमध्ये अडकलं असेल म्हणून सगळ्यांना ते पुसायला सांगितलं. सप्तमीच्या दुपारपर्यंत तीन वेळा हे झालं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. एवढी वर्षं शिकवते म्हणवते आणि एक ओळ दाखवता येत नाही.

काका प्रत्येक प्रयत्न झाला की एका बोटाने त्याची नोंद आपल्या लेखाच्या तळाशी करत होते. "पाटी काढून पुन्हा लावली. दिसत नाही." मोजणीदाराची सवय, फसलेलं मापसुद्धा लिहायचं. त्यांच्या या प्रामाणिक नोंदी आमचंच नुकसान करत होत्या, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सप्तमीला संध्याकाळी सातला फोन वाजला. त्याच गावातली हिराबाई. ही कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते, आणि हिचं शेत खांडीच्या सगळ्यात जवळचं. मी फोन स्पीकरवर टाकला.

"टेपवाले, दिसली तुमची पाटी!"

काका उभेच राहिले. "कुठं दिसली?"

"पार तळाला हाय हो. तुमचं सगळं लिवलेलं संपलं ना, त्याच्या खाली. उद्या अकराला या म्हणून लिवलंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. कॉम्प्युटरवर जी उजवीकडची पट्टी दिसते, ती फोनवर जागा नसते म्हणून लेखाच्या खाली जाऊन बसते. हे मीच मुलांना शिकवते! एरवी बोटाने दोनदा पान सरकवलं की ती दिसली असती. पण काकांच्या लेखाखाली म्हणजे तीस वर्षांच्या बांधांखाली. इतकं खाली कुणी गेलंच नव्हतं. मीही नाही. आणि आम्ही नोंदी वाढवून तिला आणखी खाली ढकलत होतो.

काकांना मात्र त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. "हिरा, तू समदं वाचलंस?"

"व्हय. दोन दिस कंपनीच्या बसमंदी जाता-येता वाचत व्हते."

"समदं?"

"आवो, समदं! आमचे सासरे तुमच्या टेपचं दुसरं टोक धरायचे ना. त्यांचं नाव बगत बगत गेले. एकवीस जागी हाय. 'गोमा हजर. पाणी छातीएवढं. टेप सोडली नाही.' असं लिवलंय तुमी." ती थांबली. "त्यांचं नाव आमी कवा कुठं छापलेलं बगितलं नव्हतं."

काका खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. तीन वर्षं एका बोटाने लिहिलेलं कुणीतरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली आणि त्यांच्यासाठी इतका आनंद झाला की मी उगाचच चहा ठेवायला उठले.

पण उद्या अष्टमी होती. मी म्हटलं, सगळ्यांना सांगू, पान शेवटपर्यंत खाली न्या. काकांनी मान हलवली. "तीस वर्षं वाचल्याबिगर पाणी मिळणार नाय, असं सांगू? लोक हसतील." मग लेखाचे तुकडे करू या का, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथेच सोडला. उरली एकच जागा, पानाचा माथा. फोनवर पान उघडलं की सगळ्यात आधी तोच दिसतो. पण तिथे एकच गोष्ट मावत होती आणि ती आधीच तिथे होती.

"फोटो काढा," काका म्हणाले.

"आणि नाव?"

"नाव बी काढा. मला बघून कोणाला वेळ कळणार हाय?"

माझं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. त्यांच्या संगतीत मलाही आता तिथी तोंडपाठ झाली होती. सात पाऊणे सव्वापाच, वर एक तास. सव्वासहाला भरती होऊन गेली होती. "काका, पाणी उतरतंय."

"उतरू दे. दाबा."

मी दाबलं. फोटो गेला, नाव गेलं, निवृत्त मोजणीदार गेलं. माझ्या फोनच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत उभं राहिलं: आज सप्तमी. उद्या, अष्टमी, बांधावर सकाळी अकरा वाजता. दोन मिनिटांत हिराबाईचा फोन, "वर आली!" मागोमाग गावातून दहा-बारा. कुवेतवाला तर ओरडतच होता, "दिसली, दिसली, माथ्यावरच हाय!" काका प्रत्येक फोनला एकच विचारत होते, "किती वाजता लिहिलंय?" आणि प्रत्येक जण म्हणत होता, अकरा.

दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी, क्लासला सुट्टी. मी आणि काका पेणला उतरून रिक्षाने गावात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि बांधावर चिटपाखरू नव्हतं. पाणी खांडीतून अजून वाहत होतं. मी दर मिनिटाला फोन उघडून पाटी बघत होते, जशी काही ती पळून जाणार होती. पावणेअकरा झाले. मग गावाकडून पेंढ्याचा पहिला भारा चालत येताना दिसला, त्यामागे दुसरा, आणि मग मोजताच येईनात. बाया पाट्या घेऊन, गडी कुदळी घेऊन. पलीकडच्या मोहल्ल्यातून टेम्पो भरून बांबूचे खुंट आले. रात्रपाळी करून आलेले तसेच गणवेशात. आणि सगळ्यांच्या मागून गावचं गोविंदा पथक, एका रंगाचे बनियन घालून, सत्तर-ऐंशी पोरं. त्यांचा म्होरक्या मला म्हणाला, "मॅडम, हंडी उद्या हाय. आज हात मोकळे हायेत."

बरोबर अकराला पाणी खांडीच्या बुडाशी गेलं. बांधावर एकच गलका झाला. खुंट ठोकले, त्यात पेंढा दाबला, वर चिकणमाती. गोविंदांनी मातीच्या खाचरापासून खांडीपर्यंत रांग लावली आणि मातीचे गोळे हातोहात असे पुढे गेले की खाली उभे असलेले ओरडायला लागले, जरा दम धरा! निम्म्यांचा उपवास होता. हिराबाईने बांधावरच साबुदाण्याची खिचडी वाटली, चिखलाच्या हातांनी खाल्ली सगळ्यांनी. काका वर उभे राहून हाताने खुणा करत होते, इकडे चार बोटं उंच, तिकडे भरा. दोन वाजता खांड दिसेनाशी झाली. तीनला तिच्यावरून पोरं उड्या मारत होती.

पण बांध बुजला म्हणजे टिकला असं नसतं. खरी परीक्षा अमावास्येच्या उधाणाची. त्या दिवशी मी क्लास बुडवला, तेही विद्यार्थ्यांना खरं कारण सांगून. पाटीवर भरतीची वेळ होती सव्वाबारा. बारा वाजता सगळं गाव बांधावर. पाणी चढत होतं, तपकिरी, जड, नव्या मातीला थापा मारत. एक हात राहिला. वीत राहिली. सव्वाबाराला ते नव्या मातीच्या चार बोटं खाली येऊन उभं राहिलं, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग काठावरचा कचरा हळूच उलट्या दिशेने वाहायला लागला.

पण सगळे आता हिराबाईकडे बघत होते. ती बांधावरून आतल्या बाजूला आपल्या शेतात उतरली, खांडीच्या अगदी पायथ्याशी. पौर्णिमेला तिथे मीठ शिरलं होतं, पंधरा दिवसांच्या पावसाने ते धुतलं की नाही आणि आज काही झिरपलं की नाही, हे जिभेशिवाय कळायला मार्ग नव्हता. ती रोपांमध्ये वाकली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि थुंकली.

"गोडं हाय!"

मग जो जल्लोष झाला तो पेणपर्यंत ऐकू गेला असेल. सगळे आपापल्या शेतांत धावले, वाकून वाकून पाणी चाखायला लागले, एकमेकांना हाका मारायला लागले. माझं गोडं, तुझं कसं, माझं पण गोडं. जो तो चाखत होता आणि थुंकत होता. काकांना शेत नव्हतं. ते सावकाश हिराबाईच्या शेतात उतरले, पँट वर न करताच, आणि रोपांत गुडघे टेकून त्यांनी ओंजळ भरली.

ते थुंकले नाहीत. शेतातलं ते मातकट पाणी ते घटाघटा प्यायले आणि पुन्हा ओंजळ भरली.